घरगुती राउटरमधील रांग : वेग भरपूर असूनही संभाषण का अडखळते

घरात १०० एमबीपीएसची जोडणी असते, वेग तपासला तर आकडाही शंभराच्या जवळपास दिसतो. तरीही एका खोलीतील मोबाइलने दिवसभराची छायाचित्रे ऑनलाइन साठवणीकडे पाठवायला सुरुवात केली की दुसऱ्या खोलीत चाललेली ऑनलाइन मुलाखत अडखळू लागते. आवाज तुटतो, चित्र गोठते आणि काही वेळाने सारे पूर्ववत होते. २०२०च्या टाळेबंदीत शाळा, कार्यालय आणि डॉक्टरांचा सल्ला हे सारे एकाच जोडणीवर आले, तेव्हा देशभरातील असंख्य घरांनी हा अनुभव घेतला. अशा वेळी ग्राहक बहुधा अधिक वेगाची, अधिक पैशांची योजना घेतो. पुष्कळदा मात्र दोष वेगाचा नसतो. तो राउटर नावाच्या लहानशा पेटीत, पाठवले जाण्याची वाट पाहणाऱ्या डेटा पॅकेटांच्या रांगेत असतो. आणि ही रांग कशी चालवायची याचे नियम त्या पेटीतील ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये असतात.

पेटीतील संगणक

घरगुती राउटर हा प्रोसेसर, स्मृती आणि साठवण असलेला पूर्ण संगणक असतो आणि बाजारातील बहुसंख्य राउटरांत लिनक्स कर्नल असते. ही गोष्ट सर्वसामान्यांच्या ध्यानात आली ती अमेरिकेतील लिंक्सिस कंपनीने २००२च्या अखेरीस आणलेल्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमुळे. त्यात लिनक्स वापरल्याचे उघड झाल्यावर जीपीएल या मुक्त परवान्याच्या अटीनुसार २००३मध्ये त्याची स्रोतसंहिता खुली झाली. तिच्या आधारे २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला; त्याच्या नावातील शेवटची अक्षरे त्या जुन्या राउटरचीच आहेत. पुढील दोन दशकांत घरगुती राउटरच्या कर्नलमध्ये ज्या सुधारणा झाल्या, त्यांतील महत्त्वाच्या बऱ्याचशा आधी या आणि अशा मुक्त प्रकल्पांत तपासल्या गेल्या.

एखादे पॅकेट राउटरमध्ये शिरते तेव्हा नेटवर्क चिप ते स्मृतीत ठेवून प्रोसेसरला खूण करते. प्रत्येक पॅकेटमागे एक खूण स्वीकारली तर प्रोसेसर दुसरे काही करूच शकणार नाही. म्हणून वाहतूक वाढली की कर्नल खुणा थांबवते आणि स्वतःच ठरावीक संख्येने पॅकेटे उचलून घेते. या पद्धतीला नापी म्हणतात. त्यानंतर पॅकेटची फायरवॉलमध्ये तपासणी होते, ते कोणत्या चालू जोडणीचे आहे हे एका तक्त्यात शोधले जाते, घरातील खासगी पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता लिहिला जातो, पुढचा मार्ग ठरतो, आणि मग ते बाहेर जाणाऱ्या रांगेत उभे राहते.

या सगळ्यासाठी मिळणारा वेळ फार थोडा असतो. एक गिगाबिट वेगाच्या जोडणीवर पूर्ण आकाराची, म्हणजे १५०० बाइटची पॅकेटे येत असतील, तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे ८१ हजार भरते. प्रत्येक पॅकेटच्या वाट्याला जेमतेम १२ मायक्रोसेकंद येतात. स्वस्त राउटरांत अनेक वर्षे वापरल्या गेलेल्या मीडियाटेकच्या एमटी७६२१ या ८८० मेगाहर्ट्झच्या चिपवर एका गाभ्यासाठी ही मुदत साडेदहा हजारांच्या आसपास चक्रांची होते. सर्वांत लहान, ६४ बाइटची पॅकेटे आली तर संख्या सेकंदाला जवळपास १५ लाखांवर जाते आणि मुदत सहाशे चक्रांच्याही आत येते. खोक्यावर ‘गिगाबिट’ असे छापलेले असले, तरी आतील प्रोसेसर तो वेग सर्व परिस्थितींत पेलू शकेलच असे नाही, याचे कारण हे गणित आहे.

अतिरिक्त स्मृतीचा शाप

प्रोसेसरची ही ओढाताण डोळ्यांना दिसते. रांगेचा दोष मात्र दीर्घकाळ कोणाच्या लक्षात आला नाही, किंवा ज्यांच्या लक्षात आला त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. जॉन नॅगल या अभियंत्याने १९८५च्या डिसेंबरमध्येच एका तांत्रिक टिपणात अमर्याद साठवण असलेल्या नेटवर्क यंत्राची कल्पना करून दाखवून दिले होते की, कितीही स्मृती दिली तरी असे यंत्र गर्दीत कोलमडते. पॅकेट फेकले जात नाही, पण त्याला इतका वेळ थांबावे लागते की पोहोचेपर्यंत ते निरुपयोगी झालेले असते.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६मध्ये, कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधील जोडणीचा वेग ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून ४० बिटांवर घसरला. दोन्ही संस्थांमधील अंतर सुमारे ४०० यार्डांचे, म्हणजे पायी पाच मिनिटांचे होते. तेथील संशोधक व्हॅन जेकबसन यांनी या घसरणीचा शोध घेऊन १९८८मध्ये टीसीपी या वहन-नियमावलीत गर्दी नियंत्रणाची रीत आणली. आजचे इंटरनेट तिच्यावर उभे आहे. तिचा आशय साधा आहे : पाठवणाऱ्याने वेग हळूहळू वाढवत न्यावा, आणि एखादे पॅकेट हरवले की पुढे गर्दी आहे असे समजून वेग कमी करावा.

म्हणजे पॅकेट हरवणे हा अपघात नसून संदेश आहे. यंत्र उत्पादकांनी मात्र त्याला अपघातच मानले. स्मृती स्वस्त होत गेली तशी मोडेम, राउटर आणि वाय-फाय चिप यांतील साठवणही वाढत गेली. एकही पॅकेट फेकले जाऊ नये हा गुणवत्तेचा निकष ठरला. परिणामी पाठवणाऱ्याला गर्दीचा संदेश वेळेवर मिळेनासा झाला. तो वेग वाढवतच राहिला आणि रांग तुंबत गेली.

किती तुंबू शकते, याचा हिशेब कागदावर करता येतो. लिनक्समध्ये इथरनेट जोडणीच्या रांगेची रूढ लांबी १००० पॅकेटांची आहे. ती भरली की सुमारे १५ लाख बाइट, म्हणजे १२० लाख बिट खोळंबलेले असतात. एक गिगाबिटच्या जोडणीवर ते १२ मिलिसेकंदांत निघून जातात. १० एमबीपीएसवर त्यांना १.२ सेकंद लागतात आणि १ एमबीपीएसवर पूर्ण १२ सेकंद. एकच संख्या कार्यालयातील जलद जोडणीवर निरुपद्रवी ठरते आणि घरातील मंद अपलोडवर संभाषण अशक्य करते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार बोलण्याचा ओघ टिकायचा तर आवाज एका दिशेने जाण्यास शक्यतो १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू नये. रांगेत एक सेकंद थांबलेला आवाज या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेला असतो.

एक्स विंडो प्रणालीच्या जनकांपैकी एक असलेले जिम गेटिस हे २०१०मध्ये बेल लॅब्समध्ये कार्यरत होते. घरून मोठी फाइल पाठवताना बाकीचे इंटरनेट ठप्प होते, याचा माग काढताना त्यांना जोडणीतील विलंब एका सेकंदाच्याही वर गेलेला आढळला. फुगलेल्या साठवणीच्या या विकाराला त्यांनी ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. मराठीत त्याला ‘रांगफुगी’ म्हणता येईल. गेटिस यांच्या शोधाचे महत्त्व असे की, ज्याला तोवर ‘इंटरनेट आज मंद आहे’ म्हणून सोडून दिले जात होते, त्याला त्यामुळे मोजता येण्याजोगे रूप आले.

रांगेची नवी शिस्त

यावर पहिला विचार येतो तो रांग आखूड करण्याचा. परंतु आखूड रांग क्षणिक लाटेतही पॅकेटे फेकते आणि जोडणी पुरती वापरली जात नाही. किती आखूड हे वेगावर अवलंबून असते आणि घरगुती जोडणीचा, विशेषतः वाय-फायचा वेग सतत बदलत असतो. सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३मध्ये सुचवलेल्या ‘रेड’ या पद्धतीत रांगेच्या सरासरी लांबीवरून आधीच काही पॅकेटे फेकली जात. पण तिचे आकडे प्रत्येक जोडणीसाठी वेगळे बसवावे लागत. हे काम घरोघरी कोण करणार?

कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२मध्ये मांडलेल्या ‘कोडेल’ पद्धतीने मोजमापच बदलले. रांगेत किती पॅकेटे आहेत हे पाहण्याऐवजी प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले एवढेच ती पाहते. रांगेत शिरताना पॅकेटवर वेळेचा शिक्का बसतो, निघताना तो तपासला जातो. थांबण्याचा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वरच राहिला, तर कोडेल एक पॅकेट फेकते. तरीही तो उतरला नाही, तर पुढची पॅकेटे अधिकाधिक जवळच्या अंतराने फेकत जाते. एखादी लाट येऊन ओसरली, तर ती काहीच करत नाही. चांगली रांग ओसरते आणि वाईट रांग ठाण मांडून बसते, हा भेद तिने नेमका पकडला. वेळ हेच परिमाण असल्याने जोडणी १ एमबीपीएसची असो वा १००ची, आकडे सहसा बदलावे लागत नाहीत.

त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या लिनक्स ३.५ या आवृत्तीत गुगलचे एरिक ड्युमाझे यांनी लिहिलेली ‘एफक्यू-कोडेल’ ही पुढची पायरी दाखल झाली. येथे एका रांगेऐवजी १०२४ लहान रांगा असतात. प्रत्येक जोडणीची पॅकेटे गणिती क्रियेने आपापल्या रांगेत जातात, रांगांना आळीपाळीने संधी मिळते आणि प्रत्येकीवर कोडेलची देखरेख असते. नुकत्याच सुरू झालेल्या, मोजकी पॅकेटे पाठवणाऱ्या जोडणीला आधी जाऊ दिले जाते. रेल्वे स्थानकाच्या खिडकीवर शंभर तिकिटे काढणारा दलाल आणि एकच तिकीट काढणारा प्रवासी यांना एका रांगेत उभे न करण्यासारखेच हे आहे. छायाचित्रे पाठवणारा मोबाइल आपल्या रांगेत थांबतो. संभाषणाचे पॅकेट शेजारच्या रिकाम्या रांगेतून निघून जाते. कोणती वाहतूक महत्त्वाची हे राउटरला सांगावेही लागत नाही, आणि घरगुती वापरात हीच त्याची सर्वांत मोठी सोय आहे.

ड्युमाझे यांच्या या कामाला घरगुती राउटरपर्यंत पोहोचवण्यात अमेरिकी अभियंते डेव्ह टॅट यांचा वाटा मोठा होता. गेटिस यांच्यासोबत त्यांनी उभारलेल्या सिरोडब्ल्यूआरटी या प्रायोगिक प्रणालीत या पद्धती प्रत्यक्ष घरांत वापरून पाहिल्या गेल्या आणि तेथून त्या ओपनडब्ल्यूआरटीत व मुख्य कर्नलमध्ये गेल्या. टॅट यांचे २०२५मध्ये निधन झाले. कोडेल आणि एफक्यू-कोडेल यांची वर्णने जानेवारी २०१८मध्ये इंटरनेट मानकांच्या दप्तरात अनुक्रमे आरएफसी ८२८९ आणि ८२९० या क्रमांकांनी नोंदली गेली.

रांग आपल्या हाती आणणे

येथे एक अडचण उरते आणि घरी प्रयोग करणारे बहुतेक जण तिथेच फसतात. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल चालू केले तरी फरक पडत नाही, अशी त्यांची तक्रार असते. कारण सोपे आहे : रांग तेथे नसतेच. राउटरपासून मोडेमपर्यंतची तार गिगाबिटची असते, पुढची जोडणी १०० एमबीपीएसची. पाणी जेथे नळ अरुंद होतो तेथे तुंबते. तसे पॅकेटही मोडेममध्ये किंवा सेवा पुरवठादाराच्या यंत्रात तुंबते. तेथील रांगेवर घरच्या कर्नलचा अधिकार चालत नाही.

उपाय असा की, राउटरनेच आपला वेग जोडणीच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवावा. मग सर्वांत अरुंद जागा राउटरमध्ये येते, रांग तेथे तयार होते आणि नवी शिस्त तिला लागू पडते. सुरुवातीला प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के इतकी मर्यादा घालावी आणि विलंब वाढत नाही असे पाहत ती हळूहळू वर न्यावी, अशी रीत रूढ आहे. अपलोडच्या दिशेने हे काम चोख होते. डाउनलोडच्या दिशेने ते अप्रत्यक्ष असते : पॅकेट अरुंद जागा ओलांडून आधीच आलेले असते, तरीही राउटर त्याला थांबवतो किंवा फेकतो, तेव्हा पलीकडचा पाठवणारा वेग कमी करतो आणि पुरवठादाराकडील रांग ओसरते. म्हणून या दिशेला अधिक मोकळीक सोडावी लागते. शंभरातले दहा एमबीपीएस सोडून देणे ग्राहकाला सुरुवातीला जिवावर येते. पण त्या दहांच्या बदल्यात उरलेले नव्वद सर्वांना एकाच वेळी वापरता येतात.

ऑक्टोबर २०१८च्या लिनक्स ४.१९मध्ये आलेली ‘केक’ ही पद्धत घरगुती राउटर डोळ्यांसमोर ठेवूनच रचली गेली. जोनाथन मॉर्टन, टॅट आणि स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठाशी संबंधित टोके होइलँड-योर्गेनसन यांनी त्याच वर्षी तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. वेगमर्यादा आणि रांगेची शिस्त तिच्यात एकत्र आहेत. शिवाय ती जोडण्यांबरोबरच घरातील उपकरणांमध्येही समान वाटप करते. एका संगणकाने शंभर जोडण्या उघडल्या, तरी दुसऱ्या संगणकाच्या एकाच जोडणीचा वाटा बुडत नाही. मात्र बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर तोवर राउटरचाच पत्ता लिहिला गेलेला असतो. त्यामुळे केकमधील एनएटी हा पर्याय चालू केला नाही, तर सारी वाहतूक तिला एकाच उपकरणाची वाटते आणि ही समानता नावापुरती राहते.

पॅकेटभोवतीचे वेष्टनही तिला सांगावे लागते. जुन्या दूरध्वनी तारेवरील एडीएसएल जोडणीत प्रत्येक पॅकेट ५३ बाइटच्या कप्प्यांत चिरले जाते आणि त्यांतील ४८ बाइटच मालाचे असतात. हा भार धरला नाही, तर राउटरचा हिशेब चुकतो आणि रांग पुन्हा मोडेममध्ये जाते. फायबरवर हा भार थोडा असतो, पण शून्य नसतो.

भारतातील जोडण्यांचे एक वैशिष्ट्य येथे नोंदवावे लागते. अनेक योजनांत वाजवी वापराची मासिक मर्यादा संपली की वेग एकदम खाली आणला जातो. शंभरासाठी घातलेली मर्यादा त्या दिवसापासून निरर्थक होते, कारण अरुंद जागा पुन्हा पुरवठादाराकडे गेलेली असते. गल्लीतील केबल व्यावसायिकाच्या जोडणीवर संध्याकाळच्या गर्दीत आणि मोबाइल मनोऱ्यावर चालणाऱ्या ५जी घरगुती सेवेवर कोणत्याही वेळी असेच घडू शकते. विलंब सतत मोजून केकची मर्यादा आपोआप खालीवर करणारी केक-ऑटोरेट ही आज्ञावली ओपनडब्ल्यूआरटी वापरणाऱ्यांनी त्यासाठीच तयार केली आहे. स्थिर फायबर जोडणीवर मात्र तिची गरज पडत नाही.

आडवाटेची किंमत

रांगेची शिस्त फुकट मिळत नाही. वेगमर्यादा पाळण्यासाठी कर्नलला प्रत्येक पॅकेट हाती घ्यावे लागते आणि स्वस्त प्रोसेसरचा दम तेथेच सुटतो. याउलट वेग वाढवण्याची लोकप्रिय युक्ती म्हणजे पॅकेटला कर्नलच्या लांब वाटेने न नेता आडवाटेने काढणे. एखादी जोडणी एकदा तपासून झाली की तिची पुढची पॅकेटे फायरवॉल आणि मार्गनिश्चिती यांना वळसा घालतात. याला फ्लो ऑफलोडिंग म्हणतात. काही चिपांत हेच काम वेगळ्या जुळणीकडे सोपवता येते आणि मग प्रोसेसर जवळपास मोकळा राहतो. उत्पादक ज्या वेगाची जाहिरात करतात तो बहुधा याच स्थितीतील असतो.

अडचण अशी की, जुळणीच्या आडवाटेने गेलेले पॅकेट कर्नलच्या रांगेत येतच नाही. त्यामुळे केक किंवा एफक्यू-कोडेल त्याला लागू पडत नाहीत. दोन्ही पर्याय एकदम चालू करून दोन्हींचे फायदे मिळतील ही अपेक्षा व्यर्थ आहे. पाचशे एमबीपीएसच्या पुढील जोडणीवर, जेथे रांग मुळात क्वचितच तुंबते, तेथे जुन्या राउटरवर आडवाट निवडणे समजण्याजोगे आहे. शंभर एमबीपीएसच्या आतील जोडणीवर, विशेषतः अपलोड तोकडा असेल तर, शिस्त निवडणेच शहाणपणाचे ठरते. एवढा वेग साधारण राउटरही केकसह पेलतो.

प्रोसेसरला एकाहून अधिक गाभे असतील, तर आलेले काम त्यांत वाटण्याची सोय कर्नलमध्ये २०१०पासून आहे. तिला आरपीएस म्हणतात. ओपनडब्ल्यूआरटीत ती पॅकेट स्टीअरिंग या नावाने दिसते. पॅकेटांचा क्रम बिघडू नये म्हणून एका जोडणीची पॅकेटे सहसा एकाच गाभ्याकडे जातात. त्यामुळे एकाच मोठ्या फाइलच्या डाउनलोडला तिचा फारसा उपयोग होत नाही. घरातील दहा जणांच्या एकत्रित वापराला होतो. भारतात बऱ्याच फायबर जोडण्या पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे वापरकर्त्याचे नाव आणि संकेतशब्द देऊन सुरू होतात. या वेष्टनाच्या आत डोकावता न येणाऱ्या नेटवर्क चिप सारी वाहतूक एकाच गाभ्यावर टाकतात. तेथे कर्नलकडून होणारी ही वाटणी विशेष मोलाची ठरते.

पीपीपीओईचे आणखी एक देणे आहे. तिचे वेष्टन ८ बाइटचे असल्याने पॅकेटला १५०० ऐवजी १४९२ बाइटच उरतात. राउटरने टीसीपी जोडणी सुरू होतानाच दोन्ही बाजूंना १४५२ बाइटची मालमर्यादा कळवली नाही, तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट लटकतात. मोठे पॅकेट वाटेत अडते आणि ‘लहान पाठवा’ असा परतीचा संदेश एखाद्या फायरवॉलने गिळलेला असतो. ही मालमर्यादा बहुतेक राउटरांत मुळातच चालू असते. हाताने मांडणी बदलताना ती बंद पडणार नाही एवढे पाहावे.

जे बदलून काही होत नाही

राउटरचा वेग वाढवण्याचे म्हणून जे सल्ले दिले जातात, त्यांत टीसीपीची वाचन आणि लेखन साठवण वाढवण्याचा किंवा गुगलने २०१६मध्ये आणलेली बीबीआर ही गर्दी नियंत्रण पद्धत राउटरवर चालू करण्याचा सल्ला नेहमी असतो. घरगुती राउटरच्या बाबतीत तो बहुतांशी गैरलागू आहे. टीसीपी जोडणी मोबाइल आणि दूरचा सर्व्हर यांच्यात असते. राउटर हा मधला हमाल आहे. पत्र कोणत्या शाईने लिहावे हे टपालवाला ठरवत नाही. हे आकडे बदलल्याचा परिणाम फक्त राउटरवरच संपणाऱ्या जोडण्यांवर होतो, उदाहरणार्थ राउटरला जोडलेल्या डिस्कवरून फाइल वाटणे. सर्व्हरसाठी लिहिलेले तक्तेच्या तक्ते राउटरमध्ये उतरवल्याने मर्यादित स्मृती मात्र वाया जाते.

जोडण्यांचा तक्ता ही गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक चालू जोडणीची नोंद ठेवणारा हा तक्ता भरला की नव्या जोडण्यांची पॅकेटे फेकली जातात. घरातील चालू चित्रपट चालूच राहतो, पण नवे संकेतस्थळ उघडत नाही. मुख्य लिनक्स कर्नल स्थिर टीसीपी जोडणीची नोंद पाच दिवस जपते. घरासाठी ही मुदत भलतीच लांब आहे. ओपनडब्ल्यूआरटीने ती ७४४० सेकंद, म्हणजे दोन तास चार मिनिटे इतकी ठेवली आहे. पत्ता बदलणाऱ्या यंत्रांनी यापेक्षा कमी ठेवू नये असे मानक सांगते. टॉरंटसारखा वापर नसेल, तर या तक्त्याला हात लावण्याचे कारण सहसा उद्भवत नाही.

वाय-फायवरील रांग हा स्वतंत्र प्रश्न आहे. दूरच्या खोलीतील जुना मोबाइल अतिशय मंद वेगाने बोलतो आणि तेवढा वेळ हवेतील जागा अडवून ठेवतो. त्याच्यामुळे राउटरशेजारचा लॅपटॉपही मंदावतो. पॅकेटांची संख्या समान न वाटता हवेतील वेळ समान वाटण्याची पद्धत २०१७च्या सुमारास लिनक्सच्या वाय-फाय विभागात आली. मात्र तिला चिपच्या चालक प्रणालीचे सहकार्य लागते आणि सर्व उत्पादक ते देत नाहीत. म्हणून तारेने मोजणी केल्यावर विलंब नसेल आणि वाय-फायवर असेल, तर केकचे आकडे बदलत बसण्यापेक्षा राउटरची जागा बदलणे अधिक फलदायी ठरते.

मोजणी आधी

दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान डाउनलोड वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. ग्राहकाला दिसणारी जाहिरातही वेगाचीच भाषा बोलते. भार असताना विलंब किती होतो, हा आकडा मात्र योजनेच्या पत्रकावर आढळत नाही. तो घरीच काढावा लागतो आणि ते अवघड नाही. संगणक तारेने जोडून एखाद्या स्थिर सर्व्हरला पिंग आज्ञा द्यावी आणि काही वेळ आकडे पाहावेत. मग मोठी फाइल चढवायला लावावी आणि आकडे पुन्हा पाहावेत. त्यानंतर हेच डाउनलोडसह करावे. विलंब २० मिलिसेकंदांवरून ३०वर गेला, तर राउटरला हात लावण्याची गरज नाही. तो ४०० किंवा ८००वर गेला, तर रांग फुगलेली आहे. ॲपलने २०२१पासून आपल्या संगणकांत याच मोजमापाची आज्ञा दिली असून तिचे उत्तर मिनिटाला किती फेऱ्या होतात या रूपात येते : २० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे ३००० फेऱ्या, ६०० मिलिसेकंदांचा म्हणजे १००.

पुरवठादाराने दिलेल्या, फायबर थेट आत घेणाऱ्या पेटीत कर्नलच्या या सोयी सहसा उघड केलेल्या नसतात. तिच्यावर परकी प्रणाली चढवण्याचा प्रयत्न करू नये. जोडणीच बंद पडण्याचा धोका असतो. तिला ब्रिज अवस्थेत ठेवण्याची विनंती पुरवठादाराकडे करता येते आणि तिच्यामागे ओपनडब्ल्यूआरटी चालू शकेल असा स्वतःचा राउटर लावता येतो. ब्रिज अवस्था नाकारली गेली, तरी मागे लावलेल्या राउटरवर वेगमर्यादा घातल्यास रांग तेथेच तयार होते. अट एकच, घरातील प्रत्येक उपकरण त्या दुसऱ्या राउटरमधूनच बाहेर गेले पाहिजे आणि पहिल्या पेटीचे वाय-फाय बंद केलेले असले पाहिजे.